आचाऱ्याची बाजू

"थोडक्यात काय, दुसरा भाग झालाच नाही असं समजायचं," कानसेन म्हणाला आणि खोलीतले सगळे हसले.

सायकलच्या दुकानावरची ती खोली. जिना चढताना रबराचा आणि वंगणाचा वास आधी भेटायचा, माणसं नंतर. महिन्यातून एका रविवारी दुपारी 'हिमतळ'चे दहा-बारा चाहते तिथे जमत. ज्याने तो चित्रपट पाहिला नाही त्याला ते एवढंच सांगत : एका दूरच्या चंद्रावर, बर्फाच्या खाली, पाणी काढायचं केंद्र आहे. त्याच्या नळांतून काहीतरी वाढत येतं. ते माणसांचे आवाज शिकतं आणि त्याच आवाजांत हाका मारतं. शास्त्रज्ञ, अधिकारी, पहारेकरी, सगळे हातपाय गाळतात. स्वयंपाकघरातला आचारी मात्र वाफेची नळी खांद्यावर टाकून पुन्हा पुन्हा आत जातो आणि अडकलेल्यांना ओढून बाहेर काढतो. हा पहिला भाग. त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

भांडण होतं ते दुसऱ्या भागावरून. त्यात तोच आचारी, वय झालेला, पुन्हा त्याच केंद्रावर सापडतो. या वेळी तो कोठाराचं दार आतून लावून घेतो आणि दोन्ही कानांवर हात दाबून बसतो. बाहेर मेकॅनिक बाई दार बडवत राहते. दार उघडत नाही. ती मरते. तो चित्रपट पाहून बाहेर पडताना कानसेन इतका चिडला होता की छत्री आतच विसरून आला होता. आणि आज बातमी आली होती की तिसरा भाग सरळ पहिल्यापासून पुढे जाणार. मधलं काही धरणार नाहीत. आचारी पुन्हा शूर.

"माझे नकाशे वाया गेले," नकाशेवाला म्हणाला. तो एका कचेरीत इमारतींचे आराखडे काढायचा आणि सुट्टीत त्या केंद्राचे. "पूर्वेकडचा बोगदा मी दोनदा काढलाय."

"तुला माणसं मेल्याचं काही नाही. बोगद्याचं दुःख आहे," बाई म्हणाल्या. बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि सगळ्यांना अरे-तुरे करायच्या.

"माणसं पडद्यावरची आहेत हो बाई. बोगदा मी हाताने काढलाय."

कानसेन उठून उभा राहिला. बोलायची वेळ आली की त्याला बसवत नसे. "पात्र म्हणजे काय लेखकाच्या खिशातला रुमाल आहे? नाक पुसलं, टाकला? एकदा जिवावर उदार झालेला माणूस दुसऱ्यांदा शेपूट घालतो, हे दाखवायचं तर आधी काहीतरी पेरायला हवं. कारण द्यायला हवं. इथे काही नाही. आला आणि बसला दार लावून. याला पात्राची वाढ म्हणत नाहीत, याला पात्राचा खून म्हणतात."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. वाक्य जुनंच होतं, पण कानसेन ते दर वेळी नवं करून म्हणायचा.

"आज ठिणगी हवा होता," बाई म्हणाल्या. "आचाऱ्याची बाजू घेणारा तो एकटाच. कसा आहे रे तो? तू जातच असशील."

"कालच जाऊन आलो," कानसेन म्हणाला. "बरा आहे. थकलाय जरा. पण जीभ आहे तशीच आहे."

सगळे पुन्हा हसले. बाईंनी 'सांग त्याला आठवण काढली म्हणून' असं म्हटलं आणि गाडी पुन्हा बोगद्याकडे वळली. कानसेन खाली बसला. काल तो दिवसभर घरी होता. स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होता. ती पुसून झाल्यावर त्याने खिडक्यांच्या जाळ्या काढून धुतल्या होत्या.

ठिणगी वेल्डर होता. फाटकं, जिने, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे, असली कामं करायचा. कानसेन श्रवणयंत्रांच्या दुकानात होता. लोकांचे कान तपासायचे, यंत्र बसवून द्यायचं, पुन्हा पुन्हा जुळवून द्यायचं. नाव त्यावरूनच पडलं होतं, आणि ते ठेवलं होतं ठिणगीने. दोघांची ओळख पहिल्या भागाच्या वेळची. मध्यंतरात दोघेही चहा न घेता खुर्चीतच बसून राहिले होते, आणि ओळीत ते दोघेच होते. ठिणगीने विचारलं होतं, "तुम्हाला पण भीती वाटली का हो उठायची?" तिथून सुरुवात.

ठिणगीच्या पोटात पहिल्यांदा गाठ निघाली तेव्हा कानसेनने सख्ख्या भावासारखं केलं. हे म्हणणं त्याचं नव्हे, लोकांचं. दवाखान्याच्या बाकावर तो झोपला. तोंडाजवळ भांडं धरलं. वहिनींना घरी पाठवून स्वतः थांबला. ठिणगी बरा होऊन घरी आला तेव्हा त्याच्या बहिणीने सगळ्यांसमोर म्हटलं होतं की मित्र असावा तर असा. कानसेनने 'त्यात काय' म्हणून हात हलवला होता. पण घरी जाताना त्याची चाल बदलली होती, हे त्याच्या बायकोने पाहिलं होतं.

दुसरा भाग त्याच सुमारास लागला. दोघे एकत्र गेले. बाहेर आल्यावर कानसेन पेटला होता आणि ठिणगी गप्प होता.

"मला तर पटलं," तो शेवटी म्हणाला.

"काय पटलं? तो शूर आहे. पहिल्या भागात शूर आहे."

"पहिल्या वेळी आत काय आहे हे त्याला कुठे ठाऊक होतं? दुसऱ्या वेळी ठाऊक होतं."

"ठाऊक असलं म्हणून काय माणूस बदलतो?"

"बदलत नाही रे. बसतो."

हे वाक्य ठिणगीने पुढे सायकलवाल्याच्या खोलीत किती वेळा म्हटलं असेल. दर वेळी कानसेन त्याचं म्हणणं खोडून काढायचा, आणि लोकांना कानसेनचंच पटायचं.

मग गाठ परत आली. ठिणगीने स्वतः फोन केला होता. आवाज अगदी साधा, एखादी वस्तू विसरली ती न्यायला ये म्हणावं तसा. कानसेन म्हणाला, "काळजी करू नकोस, उद्याच येतो." तो उद्या गेला नाही. त्या दिवशी खरंच काम होतं. त्याच्या पुढच्या दिवशी सर्दी झाली होती, आणि आजाऱ्याकडे सर्दी घेऊन कसं जायचं. सर्दी बरी झाली. मग इतके दिवस न गेल्यावर एकदम कसं जायचं, हे नवीनच उभं राहिलं. एकदा तो निघाला आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचलाही. आतून तोच वास आला, फिनाईल आणि उकडलेल्या चादरींचा. त्याने समोरच्या दुकानातून पाव घेतला आणि घरी आला.

बायको सुरुवातीला म्हणायची, "जाऊन या ना एकदा." मग ती म्हणेनाशी झाली. एका संध्याकाळी भाजी निवडताना ती म्हणाली, "मी जाऊन आले तिकडे. आता घरीच आणलंय त्यांना, अधूनमधून औषध चढवायला नेतात."

"मग?"

"मी सांगितलं, यांना दुकानात फार काम आहे म्हणून."

"त्याने विचारलं का?"

"नाही," बायको म्हणाली. "कुणीच विचारलं नाही."

ती निवडलेली भाजी घेऊन आत गेली. कानसेन तिथेच बसून राहिला. न विचारता दिलेलं उत्तर त्याच्या नावावर जमा झालं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी वहिनी दुकानात आल्या. कानसेन आतल्या काचेच्या खोलीत एका आजोबांचे कान तपासत होता. 'आवाज आला की बटण दाबा' असं तो त्यांना सांगत होता आणि काचेपलीकडे खुर्चीच्या कडेवर बसलेल्या वहिनी त्याला दिसल्या. त्याने आजोबांची तपासणी गरजेपेक्षा लांबवली. उजवा कान झाल्यावर पुन्हा डावा घेतला. आजोबाच शेवटी म्हणाले, "अहो, हा झाला की मघाशी."

बाहेर यावंच लागलं.

"कामात आहात का, भाऊजी?"

"नाही, नाही. बसा ना वहिनी. कसा आहे तो?"

"आहेत." वहिनींनी मांडीवरच्या पिशवीचे बंद सरळ केले. "त्यांना ऐकू येईनासं झालंय. या औषधाने होतं म्हणाले डॉक्टर. आधीच कारखान्यातल्या ठोकाठोकीने निम्मे गेलेले कान. आता मी बोलले तरी नुसते हसतात. ऐकू न आल्यावर हसतात ते. तुम्ही येऊन बघाल का एकदा? त्यांना दुकानात आणणं आता जमायचं नाही."

जगात कानसेनकडून कुणाला काही हवं असेल तर ते हेच होतं, आणि ते त्याला झोपेतही करता आलं असतं. तो म्हणाला, "हो, हो. म्हणजे या आठवड्यात जरा अडचण आहे. पण आमचे दुसरे सहकारी आहेत ना, ते उद्याच येतील. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "बरं," त्या म्हणाल्या. "त्यांना पत्ता द्या म्हणजे झालं." आणि उठल्या. दाराशी जाऊन थांबल्या तेव्हा कानसेनला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "दार ओढायचं का ढकलायचं हो हे?"

"ओढायचं."

वहिनींनी टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं. चार शब्द ऐकून घेतले असते, मान खाली घातली असती, हिशेब फिटला असता. त्यांनी तसं काही दिलं नाही. त्या रस्ता ओलांडून जाईपर्यंत तो काचेतून बघत होता. त्याच्या सहकाऱ्याचा हात काही चांगला नव्हता. यंत्र बसवण्यात तो घाई करायचा, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या सभेला कानसेन जरा आधीच गेला आणि खुर्च्या मांडू लागला. लोक येत गेले. बाईंनी चहा मागवला. नकाशेवाल्याने भिंतीवर नवा नकाशा टाचला, त्यात दुसऱ्या भागातला बोगदा तुटक रेषेने दाखवला होता. "तुटक म्हणजे काय?" बाईंनी विचारलं. "म्हणजे आहे, पण अधिकृत नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दोन पायऱ्या, मग थांबणं. पुन्हा दोन, पुन्हा थांबणं. आणि त्या पावलांच्या पुढे एक बारीक शिट्टी येत होती, किटली उकळायला लागावी तशी. खोलीत ती शिट्टी फक्त कानसेनने ओळखली. श्रवणयंत्र कानात नीट बसलं नाही की ते असं ओरडतं.

ठिणगी दारात उभा राहिला. डोक्यावर टोपी, अंगात जुनाच निळा सदरा. सदऱ्याच्या गळ्यात आणखी एक मान मावली असती. त्याच्या मागे वहिनी होत्या. "हट्टच धरला," त्या बाईंना म्हणाल्या. "मी खाली दुकानात बसते. झालं की हाक मारा." आणि गेल्या. कानसेनकडे त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहिलं असलं तरी त्याने त्या वेळी खुर्चीचा पाय वाकलाय का ते बघायला घेतलं होतं.

सगळे उठले. ठिणगीला खिडकीजवळ बसवलं. बाई त्याच्या शेजारी बसल्या आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "बरं वाटलं रे तुला बघून. कानसेन सांगत असतोच तुझं. दर आठवड्याला येतो ना तो?"

"काय?" ठिणगीने हात कानामागे नेला. शिट्टी वाढली.

"म्हटलं, कानसेन," बाईंनी आणखी आवाज चढवला, "दर आठवड्याला येतो ना तुझ्याकडे."

खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता. पंपाचा आवाज वर येत होता. कानसेनच्या हातात कपबशी होती; ती वाजू नये म्हणून त्याने ती छातीशी धरली.

ठिणगीने त्याच्याकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"येतो की," तो म्हणाला. "येतो आणि डोकं खातो. आचारी असा आणि आचारी तसा. मी मग झोपेचं सोंग घेतो, तेव्हा कुठे उठतो."

खोली हसली. नकाशेवाला तर मांडीवर थाप मारून हसला. आणि कानसेनही हसला. त्याला नंतर इतर कशापेक्षा हेच लागून राहिलं, की तो हसला होता.

चर्चा सुरू झाली. ठिणगीला अर्धंच ऐकू येत होतं, म्हणून बाई त्याला तिसऱ्या भागाची बातमी कानाशी मोठ्याने सांगत होत्या.

"दुसरा झालाच नाही म्हणजे?" तो म्हणाला. "मग ती मेकॅनिक बाई मेली ती?"

"आता ती मेलेली नाही."

"चला, तिचं बरं झालं." लोक हसले. ठिणगी थोडा थांबला. बोलायला त्याला दम गोळा करावा लागत होता. "पण मग आचाऱ्याचं काय?"

"त्याचंही बरंच झालं," कुणीतरी म्हणालं. "पुन्हा हिरो."

"नाही, तसं नाही. मला वाटलं होतं, तिसऱ्यात तो दार उघडून बाहेर येईल. मला ते बघायचं होतं. तुम्ही सगळे दार लावलं म्हणून भांडता. मी त्याच्यापुढचं बघायला थांबलो होतो. माणूस कधीतरी दार उघडणारच ना. कोठारात किती दिवस बसेल. आता यांनी दारच काढून टाकलं. मग तो बाहेर कुठून येणार?"

"आणि बाहेर येऊन काय करेल?" नकाशेवाल्याने विचारलं. "ती तर मेली."

"काय?"

"बाहेर येऊन काय करेल?"

"काय करणार," ठिणगी म्हणाला. "आचारी आहे. स्वयंपाक करेल."

लोकांना ते आवडलं. कुणीतरी म्हणालं की हा चित्रपट निघाला तर आपण दोनदा बघू. बाई म्हणाल्या, "कानसेन, उत्तर दे याला. आज गप्पसा?" सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखा उठून उभा राहिला, आणि उभा राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे म्हणायला काही नाही. आचारी वाईट म्हणावा, तर ते त्याच्या तोंडी शोभत नव्हतं. आचाऱ्याची बाजू घ्यावी, तर ती स्वतःचीच वकिली झाली असती.

"त्याचं बरोबर असेल," तो म्हणाला आणि खाली बसला. बाईंनी त्याच्याकडे चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं.

उठायची वेळ झाली तेव्हा कानसेन पुढे झाला आणि त्याने ठिणगीच्या दंडाला धरलं. दंड हातात सापडायला वेळ लागला. दोघे जिन्याच्या वळणावर आले तेव्हा यंत्र पुन्हा ओरडू लागलं.

"थांब," कानसेन म्हणाला. ते ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने हातानेच थांबवलं. त्याने ठिणगीची टोपी थोडी वर सरकवली. केस नव्हते. कान थंडगार होता, कागदासारखा. त्याने यंत्राची नळी काढली, वळवली, पुन्हा घातली. शिट्टी बंद झाली.

"याला तुझ्या कानाचा साचा लागेल," तो म्हणाला. "हे तयार मापाचं आहे. बसायचं नाही."

"तुझाच माणूस देऊन गेलाय."

"उद्या येतो मी."

"काय?"

"उद्या येतो."

"ये," ठिणगी म्हणाला. तेवढंच. खाली वहिनी सायकलवाल्याच्या स्टुलावरून उठल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून सामानाची पेटी घेऊन तो निघाला. दारासमोर पोचल्यावर त्याने बेल दाबली आणि लगेच त्याला वाटलं की ती वाजलीच नसावी, परत जावं. पण दार उघडलं. वहिनी म्हणाल्या, "या. आत आहेत." आणि त्या त्याच्यापुढे चालत न जाता बाजूला झाल्या.

खोली लहान होती. खाटेजवळ खुर्ची होती आणि खुर्चीवर घडी केलेला टॉवेल. तो वास इथेही होता, पण घरातला, साबणात मिसळलेला. कानसेनने टॉवेल उचलून खाटेच्या कडेला ठेवला आणि बसला.

काम असल्यामुळे निभावलं. त्याने दिवा लावून कान आतून पाहिला. दोऱ्याला बांधलेला कापसाचा बोळा अलगद आत सरकवला. दोन लगदे एकत्र मळले आणि मऊ गुलाबी लगदा पिचकारीने कानात भरला. "गार लागेल," तो म्हणाला. मग तो घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, म्हणून त्याने ठिणगीचं डोकं तळहातावर पेलून धरलं. एरवी गिऱ्हाइकाला तो नुसतं 'हलू नका' म्हणायचा. डोकं हलकं होतं. ठिणगीने डोळे मिटले. सोंग की झोप, ते कळत नव्हतं. लगदा वाळला तरी कानसेनने हात लगेच काढला नाही.

साचा तयार होऊन आला तेव्हा तो पुन्हा गेला. मधल्या दिवसांतही जाऊन आला होता. एकदा बल्ब बदलायला, एकदा नुसताच. त्याने यंत्राला नवा साचा जोडला, कानात बसवला, आवाज जुळवला. दोन पावलं मागे गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "येतंय का?"

ठिणगीचा चेहरा बदलला. कपाळावरची आठी, जी ऐकण्यासाठी इतके दिवस तिथे होती, ती गेली. "येतंय," तो म्हणाला. "पंख्याचा पण येतोय. खरखरतोय की." मग उशीला टेकून त्याने कानसेनकडे पाहिलं. "आता बोल."

कानसेन खुर्चीच्या टोकाशी बसला. त्याने बरीच वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, रस्त्याने म्हणूनही पाहिली होती. त्यांतलं एकही या वेळी पुढे आलं नाही.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला.

"काय?"

कानसेनने यंत्राकडे पाहिलं. दिवा हिरवा होता. "मी घाबरलो होतो. म्हणून आलो नाही."

"काय म्हणतोस?"

"अरे, मी घाबरलो होतो," तो मोठ्याने म्हणाला. "सर्दी, काम, हे काही खरं कारण नव्हतं. फाटकापर्यंत आलो होतो. तिथून परत गेलो."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज मध्येच थांबला. मग थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. कानसेनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ठिणगी अजून त्याच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. ते हसू होतं की नव्हतं, हे कानसेनला पुढे कधीच ठरवता आलं नाही. ठिणगीला पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं, हे नक्की. पुन्हा म्हणायला लावलं ते शिक्षा म्हणून, की वहिनींच्या कानावर जावं म्हणून, की नुसती थट्टा म्हणून?

"आलं ऐकू," ठिणगी म्हणाला. "ओरडू नकोस."

वहिनी चहा घेऊन आल्या. एक कप त्याच्या हातात दिला. "साखर कमी आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी कमी घालतात असं तुमच्या मिसेस म्हणाल्या."

त्यानंतर तो रोज गेला. पाय चेपून दिले, कूस बदलून दिली, पेपर वाचून दाखवला. त्या खोलीत त्याला भीती वाटायची; ती कमी झाली नाही. ती असतानाच तो बसू लागला. आचाऱ्यावरून ते पुन्हा भांडले नाहीत. नळांतलं ते जे काही होतं, ते तिसऱ्या भागात पूर्ण दाखवावं की दाखवू नये, यावर मात्र भांडले. ठिणगीचं म्हणणं, दाखवू नये. "दिसलं की मग ते फक्त एक जनावर उरतं," तो म्हणाला. तिसरा भाग यायच्या आधीच, एका सकाळी, वहिनी त्याचं तोंड पुसत असताना तो गेला. कानसेन तेव्हा दुकानात होता.

पुढच्या रविवारी बाईंनी सगळ्यांना बोलावलं. वहिनीही आल्या होत्या. जिना चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. त्या पुढच्या ओळीत बसल्या आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी पिशवी ठेवली. बाई ठिणगीबद्दल बोलल्या, तो पहिल्यांदा या खोलीत आला तेव्हाचं, त्याच्या वाद घालण्याचं. मग म्हणाल्या, "आणि आपल्या कानसेनबद्दल मला बोललंच पाहिजे. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एक आठवडा त्याने चुकवला नाही. असा सोबती सगळ्यांना मिळो." लोकांनी माना डोलावल्या. नकाशेवाल्याने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कानसेन उठून उभा राहिला. खांद्यावरचा हात आपोआप खाली घसरला.

"तसं नाही झालं," तो म्हणाला. "मी बरेच महिने गेलोच नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं सांगितलं. त्या दिवशी इथे त्यानेही सांगितलं, पण ते माझ्यासाठी. शेवटी शेवटी गेलो. तेवढंच."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसू लागल्या. त्यांनाच लाज वाटत असावी तशा. नकाशेवाला भिंतीकडे बघत होता. इतकी माणसं समोर असून कुणाच्याच डोळ्यांत बघायला जागा नव्हती. खाली बसावं तर आता कुणाच्या शेजारी बसायचं, हे त्याला कळेना. बोलायच्या भरात तो पुढे आला होता; आपली खुर्ची मागे कुठेतरी राहिली होती. तो उभाच राहिला, हातांचं काय करायचं ते न समजून.

वहिनींनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.